पौर्णिमेचं ताट

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. पालिकेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना दटावण्यात गेली, निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. त्याच जिभेनं त्या पौर्णिमेला माझ्या सुनेला घराबाहेर काढलं, आणि ती परत येईल याचा भरवसा मला उरला नव्हता.

दिनूषा श्रीलंकेची. आमचा सिद्धार्थ नोकरीनिमित्त कोलंबोत होता, तिथं दोघांचं जुळलं. लग्न होऊन ती येरवड्यात आमच्या घरी आली तेव्हा मी सगळ्यांना मिरवून सांगितलं, ‘परदेशातली असली तरी आपल्याच धम्मातली आहे हो.’ पण रोजचं जगणं वेगळंच असतं. तिला सकाळी नारळाच्या दुधातला भात हवा, आम्ही पुढ्यात पोहे ठेवणार. शेजारणींचं मराठी कळेना, हिंदीही कळेना. रिक्षावाला काही बोलला की ती माझ्या तोंडाकडे बघायची. दुपारभर गॅलरीत बसून रस्ता पाहायची. दोन महिन्यांत पोरगी निम्मी झाली. मी तिला खाऊ घालण्याच्या मागे लागले, कारण माया करायची दुसरी रीत मला येतच नाही.

त्या दिवशी सिद्धार्थ ऑफिसच्या कामानं बंगळुरूला गेला होता. मी सकाळपासून खपून नारळाचं दूध काढलं, तिच्या पद्धतीचं माशाचं कालवण केलं. ताट वाढेपर्यंत दीड वाजला. पांढरे कपडे घालून ती समोर आली, ताटाला हात जोडले आणि म्हणाली, “नको, अम्मा.” मागच्या महिन्यातही एकदा तिनं असंच ताट परत केलं होतं. माझं डोकंच फिरलं. “इथलं अन्न गोड लागत नसेल तर तिकीट काढून देते, जा आपल्या घरी,” असं मी फाडकन बोलून गेले. त्यातला ‘तिकीट’ एवढाच शब्द तिला कळला असावा, आणि नेमका तोच लागला.

भांडी आवरून बाहेर आले तर दारातल्या तिच्या चपला नव्हत्या. फोन पलंगावर पडलेला. मी गल्ल्या पालथ्या घातल्या, दुकानदारांना विचारलं, बसस्टॉप पाहिले. सिद्धार्थचा फोन लागेना. शेवटी घरी येऊन बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. आमच्याकडे मागणं नसतं. बुद्ध देणारा नव्हे, वाट दाखवणारा, हे मी जन्मभर लोकांना ऐकवत आले. त्या दिवशी मात्र म्हटलं, ‘माझं चुकलं. आता माझ्या हातात काही नाही. पोरगी तेवढी सुखरूप असू दे.’ आणि मी रडले, मनापासून रडले.

मेणबत्ती निम्मीही जळली नसेल, तोच अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता. “ताई, तुमची सून इथं नदीकडच्या विहारात हाय. घाबरू नका. लई गोड वंदना म्हणती.”

मी रिक्षानं पोचले. नदीकडचा लहानसा विहार, पांढऱ्या साड्यांतल्या दहाबारा बायका, आणि मधोमध दिनूषा. वंदना म्हणत होती; पाली शब्द आमचेच, चाल तेवढी निराळी. बायकांनी सांगितलं, ती चौकात भांबावून उभी होती. तिचे पांढरे कपडे पाहून एक आजी काही न विचारता तिला हाताला धरून घेऊन आल्या. त्याच आजींनी मला फोन केला होता. नळाला पाणी यायची वेळ झाली म्हणून त्या निघून गेल्या होत्या. त्यांना तिथं कुणी ओळखत नव्हतं, नावही कुणी विचारलं नव्हतं. आजही त्या भेटलेल्या नाहीत.

दिनूषा मला बिलगली. इंग्रजीत, अडखळत तिनं सांगितलं की लहानपणापासून ती पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत पाळते, दुपारी बारानंतर जेवत नाही.

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. घरात बुद्ध आहे ना.”

माझी मान खाली गेली. माझी स्वतःची आई दर पौर्णिमेला अष्टशील धरायची. मी विसरले होते.

“आणि माझा नंबर कसा दिलास?”

“पाठ आहे. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकच नंबर पाठ केला, तुमचा.”

आता पौर्णिमेला आमच्याकडे अकरालाच पानं वाढतात. मला गोळ्यांमुळे उपास झेपत नाही, पण संध्याकाळी तिच्याबरोबर वंदनेला बसते. त्या आजींना मनोमन हात जोडते. ‘बुद्धं सरणं गच्छामि’, शरण जाते, असं मी रोज म्हणत आले, वर्षानुवर्षं. माझी सून परक्या शहरात आली आणि पहिल्याच आठवड्यात माझे दहा आकडे पाठ करून निर्धास्त झाली.