धायाच्या किल्ल्याखाली, दोघांच्या एका सायकलवर

फेलिक्सची सायकल विकत घ्यायला आलेल्या माणसामुळेच आमची ही सहल घडली.

फेलिक्स म्हणजे माझा नवरा. दुबईतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. थंडीच्या दिवसांत सुट्टी मिळाली की पहाटे उठून वाळवंटातल्या ट्रॅकवर सायकल पळवायची, हा त्याचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्याला डोळ्यांच्या पडद्याचा आजार असल्याचं कळलं. समोरचं दिसतं, पण कडेचं हळूहळू मिटत चाललंय. पाइपातून बघितल्यासारखं, असं तो म्हणतो. आधी गाडी सुटली, मग सायकल. हॉटेलात मात्र त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. आम्हा तिघांचा व्हिसा त्याच्या नोकरीवर असल्यामुळे मीही कधी तो विषय काढला नाही.

सायकल न्यायला आला तो त्याच्या सायकलिंग ग्रुपमधला जोमार नावाचा फिलिपिनो मित्र. विकण्याचं खरं कारण कळल्यावर तो म्हणाला, माझ्याकडे टँडेम आहे, हवी तेव्हा घेऊन जा. टँडेम म्हणजे दोन सीटची, दोघांनी पेडल मारायची लांबलचक सायकल. हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात, मागच्याने फक्त पाय चालवायचे.

"म्हणजे मी मागे?" फेलिक्सने एवढंच विचारलं.

मी रास अल खैमाहच्या पलीकडचं धाया निवडलं, कारण मला सपाट रस्ता हवा होता. हजरच्या डोंगरांतून उतरणाऱ्या वाद्यांनी, म्हणजे एरवी कोरड्या आणि पाऊस पडला की उधळणाऱ्या नद्यांनी, समुद्रापर्यंत गाळ आणून पसरलाय. त्या पट्ट्यात खजुराच्या बागा, आणि मधोमध एका टेकडीवर जुना किल्ला. मी वसईची. किल्ला, माडांची रांग आणि खाडी एका फोटोत दिसली की फोनवर सरकणारं माझं बोट तिथेच थांबतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुबईतल्या अल बर्शाहून, आमच्या घरून, अंधारातच निघालो. गाडी मी चालवत होते, वर कॅरियरवर टँडेम, मागे आमची ॲना आणि तिची घडीची सायकल. ती सोळा वर्षांची आहे, जन्मली इथेच. ३११ नंबरचा हायवे धरला की दीड तास पुरतो. रास अल खैमाह शहर ओलांडल्यावर एका मल्याळी कॅफेटेरियात थांबा. अंडा-पराठा आणि करक, म्हणजे दाट दुधाचा कडक चहा, तिघांचा मिळून वीस दिरहॅमच्या आत. "म्हणजे साडेचारशे रुपये," असं मी म्हणालेच, आणि "मम्मी, प्लीज स्टॉप कन्व्हर्टिंग" असं ॲना म्हणालीच.

गाडी रम्सच्या मासेमारी बंदराजवळ लावली. तिथे जागा भरपूर आहे. खाडीत तिवरांची दाट झुडपं, ओहोटीच्या चिखलात उभे बगळे, जाळी सोडवत बसलेले बंगाली खलाशी. खारट, कुजका, ओळखीचा वास नाकात शिरला.

सुरुवातीची काही मिनिटं आम्ही दारुड्यासारखे चाललो. मी वळायच्या आधीच फेलिक्स वळायचा, अंगाने. त्याचा तोल गेला की माझं हँडल हलायचं. ॲना मागून ओरडत होती, "डॅडा, यू आर नॉट ड्रायव्हिंग!" हळूहळू पाय एका लयीत पडायला लागले. रस्ता बागांमध्ये शिरला. दोन्ही बाजूंना खजुरी, मातीच्या ढासळलेल्या भिंती, मधूनच एखादी हिरवीगार शेताची चौकट. काही बागांमधल्या झाडांचे शेंडे मात्र वाळून गेले होते. खालचं पाणी खारं झालं की अशीच झाडं उभ्या उभ्या जातात. वसईच्या वाड्यांमध्ये मी ते बघितलंय.

मी या विचारात, आणि समोर स्पीडब्रेकर आला. मी तो पाहिला, उठून अंग सावरलं आणि पार केला. मागे फेलिक्स उसळला, त्याचा पाय पेडलवरून सुटला, आणि आम्ही दोघं कडेच्या वाळूत आडवे. त्याचं कोपर सोलवटलं.

"सांगायचं ना!" तो ओरडला.

"मला वाटलं, तुला कळलं असेल."

"कसं कळणार? तुझ्या पाठीपलीकडे मला काय दिसतं?"

ॲना पाण्याची बाटली घेऊन उभी, आमच्याकडे न बघता. मी जखम धुतली. दोन वर्षं घरात असंच चाललं होतं. मी खुर्च्या गुपचूप भिंतीला लावायचे, तो दारावर आपटला तरी काही झालं नाही असं दाखवायचा, आणि तोंडाने दोघंही काही बोलायचो नाही.

पुन्हा निघालो तेव्हा मी बोलायला लागले. ब्रेकर. डावीकडे वळण. वाळू. समोरून पिकअप, मी थांबतेय. आधी मला लाज वाटली, एवढ्या शांत रस्त्यावर आपण एकट्याच बडबडतोय. पण मागची धडपड थांबली. सायकल इतकी हलकी झाली की मी मागे वळून बघितलं, तो पेडल मारतोय ना!

किल्ल्याच्या अलीकडे एका बागेच्या दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या अरबाने हात वर केला. अंगात पांढरी पायघोळ कंदुरा, शेजारी शेळ्या. "तआल, तआल! गहवा पियो!" त्याचं हिंदी जुन्या बंदरावरचं, अघळपघळ. चटईवर बसवून त्याने खजूर पुढे केले, इवल्या कपांत वेलचीची कडवट कॉफी ओतली. मग टँडेमकडे बोट करून हसला. "मॅडम आगे, साहब पीछे? ऐसा क्यूँ?"

मी उत्तर जुळवत होते. कंबर दुखते, असं काहीतरी. फेलिक्स म्हणाला, "मुझे बराबर दिखता नहीं, बाबा. आँख जा रही है।"

अनोळखी माणसासमोर ते वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं. ॲनाचा खजूर हातातच राहिला.

म्हाताऱ्याने मान डोलावली. "मेरा भी एक आँख खलास। अभी गाड़ी बेटा चलाता है। पहले मैं बहुत झगड़ा किया उससे।" आणि त्याने फेलिक्सचा कप परत भरला. दया नाही, सल्ला नाही. पुढची दहा मिनिटं दोघं समुद्रातल्या माशांवर बोलले.

किल्ल्याला तिकीट नाही. पायऱ्या बांधलेल्या पण चांगल्याच उभ्या. पाणी बरोबर ठेवा आणि ऊन चढायच्या आत वर जा. फेलिक्स कठडा धरून चढला, मी एक पायरी पुढे. वर दोन छोटे बुरूज, मातीच्या रंगाचे. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, दुसरीकडे आपण आलो तो सगळा सपाट हिरवा पट्टा, त्यापलीकडे खाडी आणि समुद्राची फिकट रेघ.

मी सवयीने सांगायला लागले. त्याने माझा हात दाबला. "थांब. इथे मी कशावर आपटणार नाहीये. मला माझं बघू दे." डोंगरापासून सुरुवात करून तो मान सावकाश फिरवत गेला. तुकड्या-तुकड्याने. बराच वेळ लागला. ॲना त्याच्या बाजूला जाऊन बसली.

मग तो म्हणाला, "सोमवारी मॅनेजरला सांगतो."

"आणि व्हिसा?" माझ्या तोंडून आलंच. "ॲनाची बारावी आहे पुढच्या वर्षी."

"काउंटरवर एखाद्या गेस्टचं लहान मूल पायात येईल आणि मला दिसणार नाही, जॅनेट. रोज तेच घेऊन घरी येतो मी."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. ॲना म्हणाली, "डॅडा, जस्ट टेल देम." आणि मग, क्वचित बोलते त्या मराठीत, "आपण बघू काय ते."

परतीच्या वाटेवर समुद्राकडून वारा तोंडावर होता. मी गावं, वळणं, शेळ्या सगळं सांगत होते आणि तो मागून जीव खाऊन पेडल मारत होता. बंदरावर तळलेला शेरी मासा आणि भात खाल्ला, पोटभर आणि स्वस्त. तुम्ही गेलात तर तिवरांपाशी जरा थांबा, घाईने निघू नका. टँडेम मिळाली नाही तरी चालेल. साधी सायकल पुरते, रस्ता कुठेच दमवत नाही.

सोमवारी मी कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून त्याला हॉटेलवर सोडलं आणि समोरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. रोझरी काढली, पण प्रार्थना पुढे सरकेना. डोक्यात सामानाची खोकी, ॲनाची शाळा, वसईचं बंद घर. मला त्याचा रागही येत होता, आणि त्याच्यावर इतका जीव कधी जडला नव्हता, असंही वाटत होतं.

दुपारी तो काचेच्या दारातून बाहेर आला. एरवी तो ताठ चालत, अंदाजाने गाड्यांच्या रांगांत शिरतो आणि चुकीच्या गाडीचं दार ओढतो. आज तो दारातच उभा राहिला. खिशातून फोन काढला. माझा फोन वाजला.

"काउंटर सुटला," तो म्हणाला. "रिझर्व्हेशनला घेतायत, फोनवरचं काम. सहा महिने बघतील, पुढचं पुढे." मग म्हणाला, "जॅनेट, मला गाडी कुठे आहे ते दिसत नाहीये. ये आणि घेऊन जा मला."

मी गाडीतून उतरले.