बुटक्या गाडीने मार्कंड्याला

सकाळी चंद्रपुरातून निघताना शेजारच्या काकांनी फाटकातूनच ओरडून विचारलं, "टायरातली हवा गेली का वो?"

"नाई काका, मुद्दामच तशी हाय," असं सांगून मी काच वर केली. महिनाभर हेच चाललं होतं आणि आता मला त्याचा वैताग आला होता.

झालं होतं एवढंच, की गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा काढून मी आखूड स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉकअप बसवून घेतले होते. काही जण पैसे वाचवायला जुन्या स्प्रिंगाच कापून टाकतात. मी तसलं काही केलं नाही. रीतसर संच मागवला आणि चाकांची अलाइनमेंटही करून घेतली. पूर्वी चाकाच्या वर माझी मूठ जायची, आता जेमतेम दोन बोटं जातात. वळणावर गाडी झुकायची, ती आता रस्ता धरून जाते. शिवाय मला ती तशी दिसायला आवडते. मी बँकेत नोकरी करते, पन्नाशीला आले आहे, आणि 'आवडते' एवढं कारण बाईमाणसाला पुरत नाही असा आमच्याकडे समज आहे.

माझा थोरला भाऊ वैनगंगेकाठी मार्कंड्याला शेती करतो. तो फोनवर म्हणाला, "त्या गाडीनं इथवर येऊन दाखव. कुठी खालून घासली, तं मी सोता चंद्रपुरात येऊन जुन्या स्प्रिंगा बसवतो."

"आन नाई घासली तं?"

"तं पुन्हा एक शब्द बोलणार नाई."

मी तावातावाने हो म्हणून बसले. साक्षीदार म्हणून आई सोबत येणार होती, कारण ती आम्हा दोघांच्याही चुका सारख्याच हौसेने काढते.

चिचपल्लीकडचं जंगल लागलं तेव्हा सागाच्या पानांवर दव होतं. रस्ता गुळगुळीत होता. एका वळणावर चितळांचा कळप ओलांडत होता म्हणून थांबलो. आई म्हणाली, "पाह्य, यायचे पाय आपल्या गाडीपेक्षा उंच हायेत." मी हसले नाही. गावोगावचे गतिरोधक मी तिरपी गाडी घालून, एकेक चाक चढवत पार केले. मूल गाव येईपर्यंत खालून एकही आवाज आला नाही आणि माझी मान चांगलीच ताठ झाली.

मूल गावी मावशीकडे जेवण होतं. बांध्यांतलं (भातखाचरांतलं) धान नुकतंच घरात आलं होतं. नव्या तांदळाचा मऊ भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वर कच्चं तेल. मी पोट भरून जेवले, आणि हात धुऊन बाहेर येते तो मावशीचा गडी डिक्कीत तांदळाचा कट्टा (पोतं) ठेवत होता. दुसरा कट्टा ओट्यावर तयार होता.

मी घाबरले. "मावशी, वजनानं गाडी अजून खाली बसते. नोको ना."

मावशीचा चेहरा उतरला. "नवा तांदूळ नोको म्हणतेस? पाहुणी रिकाम्या डिक्कीनं गेली तं मले लोकं काय म्हणतीन? गाडी हाय का कोंबडी?"

धानाच्या पट्ट्यात नव्या तांदळाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणं म्हणजे त्या घरच्या वर्षभराच्या मेहनतीलाच नाही म्हणणं. हे मी जन्मापासून जाणते, म्हणून बाजूला झाले. दोन्ही कट्टे आत गेले, त्यांच्यावर एक कोहळंही गेलं. गाडीचं बूड खाली जाताना मी डोळ्यांनी पाहिलं.

हरणघाटच्या पुलावरून वैनगंगा संथ, रुंद दिसली. मी मात्र पुढचा रस्ता न्याहाळत होते. चामोर्शी मागे पडल्यावर एका गावच्या तोंडाशी लोकांनी स्वतःच मुरूम आणि सिमेंट घालून उंच गतिरोधक केला होता. दोन्ही बाजूंना बैलगाड्या उभ्या असल्याने तिरपं जायला जागा नव्हती. पुढची चाकं ओलांडली, आणि खालून खर्रर्र असा आवाज येऊन गाडी पोटावर बसली. तो आवाज माझ्या दातांत गेला.

शेतावरून परतणाऱ्या बायका थांबल्या. त्यांतली एक वाकून म्हणाली, "बसली काऊन वो गाडी?"

"पैसे देऊन बुटकी केली इनं," आई म्हणाली.

बायका खो खो हसल्या, पण हसता हसताच त्यांनी कट्टे उतरवून पलीकडे नेले. आई उतरली, कोहळंही उतरलं. गाडी थोडी उचलली गेली, बायकांनी मागून रेटा दिला आणि ती सुटली. एकीने बोनेटवर थाप मारली. "दिसाले मात्र झ्याक हाय वो बाई." त्या दिवशी गाडीबद्दल ऐकलेला हा पहिला चांगला शब्द.

मार्कंड्याला भाऊ ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन रस्त्यातच उभा होता. मला ओढून नेण्याची त्याची तयारी पाहून माझं डोकंच फिरलं.

"घासली का?" त्याने आईलाच विचारलं.

"नाई घासली," आई म्हणाली, माझ्याकडे न बघता.

आईने माझ्यासाठी खोटं बोलावं याने मला भरून आलं, आणि रागही आला. "घासली, भाऊ. चांगली खरवडली. पण स्प्रिंगा याच राह्यतीन."

"हारली ना पैज?"

"हारली. पण गाडी मायी हाय. ते कशी ठेवाची याची पैज मी लावालेच नोको होती."

"असं कुठी असते का?"

"इथी असते."

संध्याकाळी गावच्या जुन्या देवळाच्या भिंतींवरच्या दगडी मूर्ती पाहत आम्ही नदीकाठी हिंडलो. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "उद्या मी येतोच संगं. गॅरेजवाल्याशी मीच बोलतो."

"ये," मी म्हटलं. "तांदूळ इथीच ठेवतो मंग. तू त्याच्यापेक्षा जड हायेस."

परतताना आई माझ्या शेजारी आणि भाऊ मागच्या सीटवर ऐसपैस बसला होता. त्या गतिरोधकाजवळ मी गाडी थांबवली. आज बैलगाड्या नव्हत्या.

"भाऊ, उतर."

"मी?"

"तूच."

तो पुटपुटत उतरला. कालच्याच बायका बांधीतून पाहत होत्या. आधी तो खिशात हात घालून लांब उभा राहिला. मग मी तिरपं घेतलं तसा खाली वाकला आणि हात हलवायला लागला. "डावीकडं घे... अजून... हळू, हळू... आता सोड!" गाडी आवाज न करता पलीकडे गेली. भाऊ धुळीचे गुडघे झटकत आत बसला. "निघाली बरोबर," तो म्हणाला आणि लगेच खिडकीबाहेर पाहू लागला.

चंद्रपुरात शिरल्यावर गॅरेज लागलं. मी गाडी हळू केली नाही. भावाने मान वळवून ते मागे जाईपर्यंत पाहिलं, पण 'थांब' म्हणाला नाही. म्हणाला असता तरी मी थांबले नसते. ही पैज मी हरले आहे, हे वाचणाऱ्यांना सरळ सांगते. गाडी आजही तेवढीच खाली आहे.