शेवटच्या शेरातलं नाव

रोज सकाळी चहा ठेवण्याआधी महेक खिडक्या लावून घ्यायची आणि आदल्या दिवशी सुचलेला शेर मोबाइलमध्ये हळूच गाऊन ठेवायची. कव्वाल इब्राहिमभाईंची ही मुलगी सातव्या वर्षी चाकणजवळच्या उरुसात गायली, तेव्हा लोकांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. तेराव्या वर्षी अब्बांनी तिचं स्टेज बंद केलं.

"गाईल अय्याज, तू लिही. शेवटच्या शेरात तुझं नाव राहील, तेच तुझं स्टेज."

तिने ते मानलं. वीस वर्षं ती धाकट्या भावासाठी, अय्याजसाठी, लिहीत राहिली, चाली लावत राहिली, पिंपरीतल्या घरी रेकॉर्डिंगही तीच करायची.

यंदा उरुसात ती बायकांमध्ये बसून ऐकत होती. शेवटच्या शेरात अय्याजने तिच्या जागी स्वतःचं नाव घेतलं. ते ओळीत मावत नव्हतं, म्हणून त्याने सूर एक मात्रा लांबवला. चुकून झालं असेल, असं तिला क्षणभर वाटलं. पण त्या जादा मात्रेला अब्बांची पेटी बरोब्बर थांबली, ढोलकवालाही थांबला. म्हणजे याची तालीम झाली होती, आणि तीही अब्बांसमोर.

सामान टेम्पोत चढवताना अय्याज हसला. "आपा, तोंड पाडू नकोस. लोकांना गाणाऱ्याचंच नाव कळतं. पुढच्या महिन्यात देहूरोडला प्रोग्राम आहे, नवीन काहीतरी दे."

अब्बा दुसरीकडे बघत होते.

त्यानंतर तिने त्यांच्यासाठी एक ओळही लिहिली नाही. तेव्हा मात्र ती इतकंच म्हणाली, "पेटीवर सामान ठेवू नकोस, भाता दबतो."