हवालदारांना खोटं बोलायला लावायची पैज

माणूस गेला की घरातले लोक सामान वाटून घेतात. पलंग एकाला, कपाट एकाला, घड्याळ धाकट्याला. आमचे हवालदार गेले तेव्हा चाळीतल्या आम्ही बायकांनी किस्से वाटून घेतले. पण किश्शांचं एक वाईट असतं. वाटले की कमी होत नाहीत. एकीनं एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात. आता मी लेकाकडे कोथरूडला राहते, तर सोसायटीच्या बाकावरच्या बायका मला बघितलं की सरकून जागा देतात आणि म्हणतात, "आजी, आज हवालदारांचा कुठला?"

बसा तर मग.

हवालदार म्हणजे सुदाम कांबळे. खडकीला आमच्या चाळीत भिंतीला भिंत. एकाहत्तरच्या लढाईत गेले आणि एक कान तिथंच ठेवून आले, तोफेच्या आवाजानं. पुढं पेन्शन घेतली आणि दारोदार मिक्सर विकायला लागले. संध्याकाळी मैदानावर व्हॉलीबॉल. लढाई, धंदा, खेळ, तिन्ही जमलं. एकच गोष्ट आयुष्यात जमली नाही. खोटं बोलता यायचं नाही त्यांना.

आणि शेजारी कोण, तर मी. चौथीत शाळा सुटली माझी, पण थापा मारण्यात मी मॅट्रिकच्या पुढं. सासूबाई म्हणायच्या, "ही खरं बोलली की मला भीतीच वाटते."

*

नवीन लग्न झालेलं तेव्हाची गोष्ट. हवालदारांची बायको शांता माझ्याकडे आली, डोळे लाल.

म्हणलं, "मारलं का गं?"

"नाही."

"मग?"

"पुरणपोळी केली होती पहिल्यांदा. विचारलं, कशी झालीय? तर म्हणाले, पुरण छान आहे, पोळी बुटाला लावण्यासारखी आहे."

मला आलं हसू. ते पदरात दाबून मी विचारलं, "अगं, मग खाल्ली का नाही?"

"सगळ्या खाल्ल्या. तेच तर. खाताना एकदा खोटं बोलले असते तर काय झालं असतं?"

म्हणलं, "शांते, डोळे पूस. मी आहे ना. तुझ्या नवऱ्याला एकदा तरी खोटं बोलायला लावीन. पैज."

शांता म्हणाली, "लावलंस तर तुला गुरू करीन."

गंमत म्हणून लावलेली पैज. पण मला हरायची सवय नव्हती हो. जन्मभर तिच्या मागं लागले.

*

शाळेत पंधरा ऑगस्टला हवालदारांना बोलावलं होतं. चाळीतले सगळे गेलेलो. हेडमास्तरांचा आवाज चढलेला, "मुलांनो, या शूर जवानानं एकट्यानं शत्रूचा रणगाडा उडवला!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय. मी शांताला कोपर मारलं. म्हणलं बघ, आता नुसतं गप्प बसले तरी चालेल, मी पैज जिंकले.

हवालदार उठले. "गुरुजी, चूक होतेय. मी रणगाडा उडवला नाही. मी रणगाड्याखाली लपलो होतो. तोही आपलाच. बंद पडलेला."

एका पोरीनं विचारलं, "काका, भीती वाटली?"

"वाटली ना. अजून दिवाळीत वाटते."

हेडमास्तरांनी लगेच राष्ट्रगीत घ्यायला लावलं.

पुढं दोन-तीन वर्षांनी साताऱ्याकडचा एक माणूस चाळीत आला. पाय ओढत चालायचा. बरोबर बायको, हातात कंदी पेढे. हवालदार दारातच बसले होते, तर हा सरळ त्यांच्या पायावर. त्यांना अवघडल्यासारखं झालं, आत पाणी आणायला गेले. तेवढ्यात तो आम्हाला सांगायला लागला, "ताई, ह्यांनी मला पाठीवर घालून नाला ओलांडला. पलीकडं ठेवलं आणि दुसऱ्याला आणायला परत गेले. मग तिसऱ्याला. वरून गोळे पडत होते. मी ओरडत होतो, आता जाऊ नका म्हणून. त्यांना ऐकूच येत नव्हतं."

हवालदार तांब्या घेऊन आले. मी विचारलं, "भाऊजी, हे खरं का?"

"खरं."

"मग त्या दिवशी शाळेत का नाही बोललात?"

"गुरुजींनी रणगाड्याचं काढलं होतं," हवालदार म्हणाले. "नाल्याचं कुणी विचारलं नाही."

त्या दिवशी दिवसभर माझ्या तोंडून एक टोमणा निघाला नाही. संध्याकाळी आमचे हे फॅक्टरीतून आले आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

*

मिक्सर विकायची त्यांची पद्धत ऐका. बाकीचे सेल्समन आधी गुण सांगायचे. हे आधी मिक्सरमधली खोट सांगायचे. म्हणायचे, फौजेत हत्यार हातात घेतलं की पहिलं काय चालत नाही ते बघायचं, मग बाकीचं.

एकदा कंपनीचा मॅनेजर यांचं काम बघायला बरोबर निघाला. सदाशिव पेठेत गेले. तिसरा मजला, दाराला साखळी, फटीतून एक बाई.

"काय हवंय?"

"काही नको. मिक्सर विकायचाय."

"आमच्याकडे पाटा-वरवंटा आहे."

"तो चांगलाच. याचा आवाज फार होतो. माझा एक कान गेलाय, तरी मला मोठा वाटतो. दुपारी लावलात तर खालचे भांडायला येतील."

मॅनेजरनं डोक्याला हात लावला.

बाईंनी साखळी काढली. "खालचे म्हणजे जोशी का? खरंच येतील?"

"येतीलच."

"या आत," बाई म्हणाल्या. "दुपारीच लावून दाखवा."

तिथं एक खपला, आणि भांडायला वर आलेल्या जोशीबाईंनी चटणी चाखून दुसरा घेतला.

खाली आल्यावर मॅनेजर म्हणाला, "हवालदार, तुम्ही आता नवीन पोरांना ट्रेनिंग द्या."

"काय द्यायचं त्यात? खरं बोला म्हणायचं."

मॅनेजर म्हणाला, "नको मग. एवढं अवघड नको."

*

माझे डाव चालूच होते. एकदा मी आणि शांता दवाखान्याचं नाव सांगून मॅटिनीला गेलो. बाहेर पडतोय तर समोर हवालदार, खांद्यावर मिक्सरचं खोकं. मी तिथंच हात जोडले. "भाऊजी, सासूबाईंनी विचारलं तर दवाखान्यात दिसलो म्हणा. एवढंच. माझ्या लेकराची शपथ."

त्यांनी खोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालायला लागले. मला वाटलं, आज जमलं.

संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना ओट्यावरच गाठलं. "काय हो, ह्या दोघी दुपारी कुठं होत्या? तुम्हाला दिसल्या म्हणं."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी दवाखाना, इंजेक्शन, सगळं करून दाखवलं.

"आजी," ते म्हणाले, "मला विचारू नका. मी सांगून टाकीन."

झालं. सासूबाईंना सगळं कळलं. रात्री मला जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझंपण तिकीट काढ."

*

मग मी मोठा डाव टाकला. चाळभर उठवून दिलं की हवालदारांना दिल्लीहून मेडल मिळालंय. हार आणले, पोरांनी लेझीम काढली, कुठल्याशा छोट्या पेपरचा माणूसही आला वही घेऊन. म्हणलं, आता एवढ्या लोकांचं मन मोडायला तरी जीभ अडखळेल.

हवालदार दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण, तसेच बाहेर आले. पेपरवाल्यानं विचारलं, "मेडल कशाबद्दल मिळालं?"

"मला नाही माहीत. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"या शेजारच्या बाईंनी."

"वहिनींनी का? मग खोटं असेल," म्हणाले आणि उरलेली दाढी करायला आत गेले.

हार मी बुद्धविहारात नेऊन वाहिले. वाया नाही घालवले.

*

व्हॉलीबॉलमध्ये तर त्यांनी आमच्या ह्यांचं रक्त आटवलं. आमचे हे चाळीच्या टीमचे कॅप्टन. फॅक्टरीच्या टीमबरोबर फायनल, शेवटचा पॉइंट, दोन्हीकडे बरोबरी. बॉल हवालदारांच्या डोक्यावरून बाहेर गेला. चाळ नाचायला लागली. आणि हवालदारांनी हात वर केला.

"माझ्या बोटाला लागला."

अंपायर म्हणाला, "मला दिसलं नाही."

"तुम्हाला कसं दिसणार? बोट माझं आहे."

कप गेला. आमचे हे आठवडाभर भिंतीकडे तोंड करून जेवले. पुढच्या वर्षी त्यांनी हवालदारांना नेटपासून लांब, पार मागं उभं केलं. तिथून काय बोटाला लागणार? पहिल्याच सर्व्हिसला हात वर. "माझा पाय लाइनीवर होता."

पण एक सांगते. त्यांचा हात वर गेला की समोरच्या टीमचीही मान खाली जायची. दोन वर्षांत काय झालं, समोरचेही आपापले हात वर करायला लागले. भांडणच संपलं मैदानावरचं. अंपायर शिट्टी खिशात घालून चहा प्यायला जायचा. म्हणायचा, "हवालदार आहेत ना, मग मी कशाला?"

आता असा माणूस. याला मी खोटं बोलायला लावणार.

*

वय झालं सगळ्यांचं. आमचे हे गेले. हवालदार मात्र सत्तरीनंतरही हाफपँट घालून म्हाताऱ्यांच्या टीममध्ये खेळायचे. मग शांताला झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, पलंगाला खिळली. हवालदार तिचं सगळं करायचे. न्हाऊ घालणं, वेणी, भरवणं. वेणी वाकडी व्हायची. शांता विचारायची, "नीट झालीय का?" तर म्हणायचे, "नाही. उद्या परत बघू."

पण खेळ त्यांनी बंद केला. तर शांता हट्टाला पेटली. बोबडं बोलायची, पण बोलायची. "माझ्यापायी खेळ सोडायचा नाही. तुम्ही मैदानावर गेलात तरच मी गोळी घेईन." आणि खरंच तोंड मिटून बसली. दोन दिवस गोळी नाही. डॉक्टर ओरडला. तेव्हा हवालदार परत संध्याकाळी बूट घालून जायला लागले. तासाभरानं घामेघूम होऊन यायचे, शांता विचारायची काय झालं, हे म्हणायचे "जिंकलो", आणि ती गोळीला तोंड उघडायची. तेवढा तास मी तिच्यापाशी बसायचे.

एका संध्याकाळी तिला झोप लागली म्हणून मी बादली घेऊन विहाराच्या मागच्या नळावर गेले. तिथं आडोशाला कठड्यावर हवालदार बसलेले. एकटे. मैदान पार पलीकडच्या अंगाला. मी भिंतीपाशी थांबले. थोड्या वेळानं हवालदार उठले, छातीवर हात ठेवून दम खाल्ला, नळाखाली डोकं धरलं. मग ओंजळीनं बनियनवर पाणी मारलं. पुढं, पाठीला, काखेत.

वळले तर समोर मी.

"डॉक्टरांनी उडी मारायला बंदी केलीय," म्हणाले. "छातीत दुखतं. महिना झाला. तिला कळलं तर ती माझी काळजी करत बसेल आणि गोळी सोडेल."

इतक्या वर्षांत मला त्या माणसाकडे बघायची लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मान वर होईना. आणि खाली बघते तर काय, बूट. फौजेतल्यासारखे चकचकीत.

म्हणलं, "भाऊजी, तासभर खेळून आलेल्या माणसाचे बूट असे असतात होय? आणि गुडघे बघा, आत्ता धुतल्यासारखे."

बादली ठेवली, खाली बसले, नळाजवळची माती घेतली आणि त्यांच्या बुटांना फासली. गुडघ्यांना लावली. कोपराला थोडी. लढाई बघितलेला माणूस सावधानमध्ये उभा, हलला नाही.

"आणि रोज काय जिंकलो म्हणता? आज हरलो म्हणा. रोज जिंकलं की बायकोला संशय येतो."

"बरं, वहिनी."

घरी आलो. शांता जागी झाली होती. तिनं त्यांना वरून खालपर्यंत बघितलं.

"काय झालं?"

हवालदार भिंतीकडे बघून म्हणाले, "हरलो."

तिनं तोंड उघडलं. गोळी घेतली, पाणी घेतलं. हवालदार कपडे बदलायला मोरीत गेले. तेव्हा शांतानं चांगल्या हातानं मला जवळ बोलावलं.

"काय गं," म्हणाली, "जन्मभर मागं लागलीस त्यांच्या. बोलले का कधी खोटं?"

म्हणलं, "नाही गं बाई. हरले मी."

शांता अर्ध्या तोंडानं हसली. माझ्या बोटांकडे बघत म्हणाली, "हात धू जा. माती लागलीय."