ढोटे सरांचा कॉम्प्युटर उठत नाही

आमच्या सौसरच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम तयार करत नाही. चार मास्तर आणि एक चहाची किटली एका टेबलाजवळ आली की ते आपोआप साचतात. पण या हिवाळ्यात जेवढे साचले, ते सगळे एकट्या ढोटे सरांच्या कॉम्प्युटरचे!

ढोटे सर गणित शिकवतात, मार्चमध्ये रिटायर होणार. मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरच्याच नोकरीत. त्यानं फोनवर सांगून टाकलं, "बाबा, रेडिमेड घ्या. सुटे पार्ट जोडणं तुम्हाला जमणार नाही."

झालं! सरांनी नागपूरहून सुटे पार्ट आणले आणि पोराला कळवलं, "रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लाव. चालू स्क्रीन दाखवतो."

पोरगा म्हणाला, "नाही झाला तर मी रेडिमेड ऑर्डर करीन. मग तुम्ही काही बोलायचं नाही."

पोरानं आपल्याला आत्ताच मोडीत काढावं, हे सरांच्या जिवाला लागलं होतं. खरं सांगतो, आम्हालाही लागलं. आमच्याही घरी अशी पोरं आहेत.

*

सोमवारी मोबाईलवर व्हिडिओ बघत जोडणी सुरू झाली. प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूवर, एक पेस्ट लावावी लागते. व्हिडिओतला माणूस म्हणाला, "मटर के दाने जितना."

सर थांबले. स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "अवं, वाटाणा केवढा धरू?"

आतून वहिनींचा आवाज आला, "हिरवा का वाळलेला?"

गणिताच्या मास्तराला हा प्रश्न पटला. त्यांनी व्हिडिओ तीनदा मागे नेला, पण त्या माणसानं ते सांगितलंच नव्हतं. शेवटी सरांनी दोघांची सरासरी काढली!

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी आणि विज्ञानाच्या बनाईत मॅडम सरांच्या घरी गेलो. सरांनी देवाचं नाव घेऊन बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही! मग स्क्रू उघडले, वायरी काढल्या, परत लावल्या. अर्धा तास घामाघूम!

बनाईत मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, समोरची आटाचक्की काहून बंद आहे जी?"

लाईन, म्हणजे वीजच, गेली होती. आम्ही आलो तेव्हापासून नव्हती.

थोड्या वेळानं लाईन आली. चक्की सुरू झाली, शेजारचा टीव्ही सुरू झाला. सरांचा कॉम्प्युटर तेवढा झाला नाही.

*

बुधवारी कळलं की बटनाच्या बारीक वायरी आतल्या चुकीच्या काड्यांवर, म्हणजे पिनांवर, लागल्या असाव्यात. काड्यांजवळ इतकी बारीक अक्षरं छापलेली, की सरांच्या चष्म्याला ती दिसेनात. बनाईत मॅडमनी शाळेच्या प्रयोगशाळेतून भिंग आणलं.

सर वाकून वाचू लागले, "पी... डब्ल्यू... आर... अन् हे पुढचं अक्षर चालून राहिलं!"

मुंगी होती. वाटाण्याच्या वासानं आली असेल, असं मी म्हटलं, तर सरांनी भिंग माझ्यावरच रोखलं.

वायरी मात्र जागेवर बसल्या. बटन दाबलं आणि आतले पंखे फिरले! स्क्रीन तेवढी काळीच राहिली.

*

शुक्रवारी तिगावहून बंडूभाऊ आला. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. त्यानं अनवाणीच कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला, आणि असा झटका बसला की दोन पावलं मागं उडाला.

आम्ही घाबरलो. बंडूभाऊ हात झटकत म्हणाला, "सर, काळजी नोका करू! जीव आहे याच्यात. फक्त बोलून नाही राहिला!"

जाताना त्यानं घराची अर्थिंग तेवढी नीट करून दिली.

*

शनिवारी दुपारी सर कॉम्प्युटरसमोर नुसते बसले होते. म्हणाले, "जाऊ द्या. पोरगं बरोबर म्हणे. मले नाही जमलं." छत्तीस वर्षं पोरांना 'पुन्हा करून पाहा' सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकवत नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांचं माहेर मोहगावचं, घरची संत्र्याची बाग. त्या डब्यात डोकावून म्हणाल्या, "पाच दिवस झाले, तुमी याले लाईन देऊनच राहिले. झाडाले सारखं पाणी देलं तर बहार येते का? माहा भाऊ महिनाभर पाणी बंद ठेवते, झाडाले ताण देते. मग पाणी सोडलं का आंबिया बहार फुटते. याले ताण द्या!"

"अवं, रोज रात्री प्लग काढूनच ठेवतो मी."

वहिनींनी आतल्या रुपयाएवढ्या चपट्या गोल सेलवर बोट ठेवलं. "अन् हे काय?"

"तो सेल आहे. त्याच्यावर आतलं घड्याळ चालते, अन् सेटिंग याद राहते."

"पाहा! इथून चोरून पाणी पिऊन राहिला, अन् तुमी म्हणता ताण देला!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदी शिकवतो, मी काय सांगणार? वहिनींनी सेल काढला, पदराच्या टोकाला बांधला आणि बजावलं, "उद्यापर्यंत कोणी हात लावाचा नाही."

*

रविवारी पावणेदहाला आम्ही सगळे हजर. वहिनींनी पदराची गाठ सोडून सेल दिला. सरांनी तो बसवला, प्लग लावला. दहाला पोराचा कॉल आला. मोबाईल मी धरला होता.

पोरगा म्हणाला, "बाबा, असू द्या. मी ऑर्डर करतोच आहे."

"थांब जरासा," सर म्हणाले. बटन दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. आणि मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ आली, तिच्यामागे अक्षरं, आणि सगळी स्क्रीन उजळली!

माझा मोबाईलचा हात इतका हलला की पोराला नुसतं छत दिसत होतं. त्यात वहिनी ओरडल्या, "अवो, फुटला! फुटला!"

"काय फुटलं?" पोरगा तिकडून किंचाळला. "बाबा! मी म्हटलं होतं ना, रेडिमेड घ्या!"

सरांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. डोळे पाण्यानं भरलेले आणि तोंडभर हसू.

"फुटला रे बापू," ते म्हणाले, "तुझ्या मायनं फोडला!"