रेडिओमास्तर आणि नटाची गिटार

रेडिओमास्तरांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एसटीचा कंडक्टर कोणावरही खेकसला, तरी हे आपलं तिकीट चाचपून पाहत. दुकानासमोर पोलिसाची सायकल थांबली की हातातला चहा बशीत सांडे. "आपला जीवच लहान हाय," असं स्वतःच हसून सांगत. सेलूच्या बाजारात त्यांची रेडिओदुरुस्तीची टपरी होती.

मात्र तुटलेल्या तारा जोडायला, डाख लावायला बसले की तेच थरथरणारे हात स्थिर होत. वालूरच्या आमच्या गायन पार्टीचा अँप्लिफायर त्यांनीच जगवला होता. भीमजयंती जवळ आली की त्यांच्याकडे आमची फेरी ठरलेली.

सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. तालुक्यातल्या एका ठेकेदाराने बेस गिटार विकायला काढली. मुंबईच्या बड्या नटाची, असं तो सांगे; पाठीवर सहीसुद्धा होती. किंमत ऐकून आमचे डोळे पांढरे झाले. पण ती घुमणारी गिटार आली की गावोगाव आमचंच नाव होईल, या हावेने पार्टीची सगळी शिल्लक ओतायला आम्ही पाचही जण तयार झालो. फक्त मास्तरांनी एकदा बघावी.

ठेकेदाराचं नाव ऐकताच ते म्हणाले, "मला नगा नेऊ. मला खोटं बोलता येत न्हाई, अन् खरं बोलायचं भ्याव वाटतंय."

तरी मी त्यांना नेलंच; पार्टीतले बाकीचे चौघेही सोबत आले.

बैठकीत ठेकेदाराची दोन माणसं दाराशी बसली होती. त्याच्याशी हुज्जत घातलेल्या एका मुकादमाचा हात कसा मोडला, हे आम्हाला ठाऊक होतं. मास्तरांनी सहीकडे पाहिलंही नाही. मागची पट्टी उघडली, आत वाकून बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, ही नटाची न्हाई," ते इतकं हळू बोलले की ठेकेदाराने पुन्हा विचारलं. "आतला डाख माझ्या हातचा हाय. परभणीच्या आर्केस्ट्रातल्या एका वादकाची ही गिटार. मीच दुरुस्त केली व्हती. मागून ती चोरीला गेली."

"म्हणजे मी चोर?"

दाराशी बसलेला एक जण उठला. मी मान खाली घातली. बाकीच्या चौघांनीही. मास्तरांनी उघडलेली पट्टी परत बसवली.

"तसं न्हाई म्हनत मी. ज्यानं इकली त्यानं तुमाला फसविलं. पन आता तुमी या पोरांना इकू नका."

ठेकेदाराने गिटार ओढून घेतली आणि दाराकडे बोट केलं.

चार दिवसांनी सकाळी मास्तरांची टपरी फोडलेली दिसली. लोकांचे रेडिओ रस्त्यावर चुरा होऊन पडले होते. तक्रार करायला ते गेले नाहीत. हैदराबादला मेव्हण्याकडे जायचं त्यांनी ठरवलं. स्टेशनवर मी एकटाच गेलो.

"मास्तर, त्या दिवशी भ्याव वाटलं न्हाई का?" मी कसंबसं विचारलं.

"लय वाटलं. आजून वाटायलंय." मग खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्यावर त्या वादकाचा पत्ता होता. "गिटार कुठं हाय ते कळव त्याला. माझ्यानं आता न्हाई व्हायचं."

गाडी गेली. ते पुन्हा सेलूला आले नाहीत.

पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. खाली नाव घालावं की नको, यात पंधरा दिवस गेले. शेवटी घातलं, आणि पत्र टपालपेटीत टाकून घरी येईपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं.