न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी

निपाणीला आमची आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते म्हणून मुकादम लहान मुलं आत आणू देत नसे. मी वर्षाचा व्हायच्या आतच वडील गेलेले. त्यामुळे आई पहाटे भाकऱ्या थापायची, आम्हा दोघा भावंडांना खोलीत ठेवायची, बाहेरून कडी घालायची आणि कामावर जायची. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन मला पाजायची, की परत कडी. छप्पर पत्र्याचं. उन्हाळ्यात आत बसवत नसे. त्या खोलीतून निघून मी बी.एस्सी. झालो, बंगळूरला आलो, कंपनीत लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

बायको पुण्याची. इथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमची मुलगी सहा महिन्यांची झाली आणि बायकोची बाळंतपणाची रजा संपत आली. सोमवार ते शुक्रवार मुलीला पाळणाघरात ठेवायचं ठरलं. प्रश्न शनिवारचा होता. बायकोला शनिवारी ड्यूटी, मला सुट्टी, आणि पाळणाघर बंद.

"तू एकटा सांभाळशील?"

"त्यात काय अवघड आहे?"

"मग रुजू व्हायच्या आधी दोन शनिवार सांभाळून दाखव. मी घरी नसते तेव्हा काय करतोस ते बघू. आणि एक सांगते, तिला गाडीत एकटीला ठेवून कुठे जायचं नाही. दोन मिनिटंसुद्धा नाही."

हा आमचा जुना वाद होता. पोर गाडीत झोपली असेल आणि दूध आणायचं असेल, तर मी म्हणायचो, राहू दे तिला, मी दोन मिनिटांत जाऊन येतो. ती ऐकायची नाही. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचो, "मला एकट्याला कडी घालून ठेवायची आई अख्खा दिवस. काय झालं मला? ग्रॅज्युएट झालो."

पहिल्या शनिवारी ती मैत्रिणीकडे गेली. पोरगी अकरापर्यंत रडत होती. शेवटी गाडीत घातली आणि मारतहळ्ळीतून दोन चकरा मारल्या, तेव्हा कुठे डोळा लागला. तेवढ्यात आठवलं, घरात एकही डायपर नाही. औषधाचं दुकान एका गल्लीत होतं. कडेला जागा नव्हती, म्हणून आधीच उभ्या असलेल्या एका गाडीला आडवी घालून थांबलो. एसी चालू राहावा म्हणून इंजिन बंद केलं नाही. दुसरी किल्ली खिशात होती, तिने दारं लावली. दुकान वीस पावलांवर. मागच्या काचांना मी काळ्या जाळ्या लावल्या होत्या, त्यामुळे पोरीच्या तोंडावर ऊन येत नव्हतं. सगळा विचार करूनच गेलो, असं मला वाटत होतं.

दुकानात माझ्यापुढे तिघं होते. माझी पाळी आली तर फोनवरून पैसे जाईनात. दोनदा केलं, तिसऱ्यांदा गेले. बाहेर आलो तर गाडी जागेवर नाही.

दुसरी एक गाडी तिथून नुकतीच निघून चालली होती. माझी गाडी गल्लीत खाली, पंधरा-वीस पावलं पुढे उभी होती. तिथून गल्ली उतरत मोठ्या रस्त्याला मिळते आणि तिथे बसेस वळतात. मी पळालो. पुढच्या चाकाखाली दगड होता आणि शेजारी शहाळेवाला उभा होता.

"निम्देना गाडी, सार?" त्याने विचारलं. गाडी तुमचीच ना. "त्या साहेबांना निघायचं होतं. न्यूट्रलला होती, म्हणून दोघांनी ढकलली. उताराला स्वल्प जोरात गेली, म्हणून मी दगड टाकला. इंजिन चालू ठेवून जाता होय हो तुम्ही?" तो हसत होता. सगळं कन्नडमध्ये चाललं होतं. आम्ही सीमेवरचे, कन्नड मला घरच्यासारखं.

मी दार उघडलं. त्याने वाकून आत पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं.

"अय्यो, मगू इदे!" आत मूल आहे.

मूल झोपलेलंच होतं. पट्टा जागेवर, तोंडात अंगठा.

आमच्या सोसायटीत पार्किंगला जागा कमी. दुसऱ्याच्या गाडीला आडवी लावली तर हॅंडब्रेक ओढायचा नाही, न्यूट्रलमध्ये ठेवायची, म्हणजे ज्याला निघायचं तो ढकलून वाट करून घेतो. हा शहाणपणा चार वर्षांत हाताला इतका बसला होता की पोर आत असतानाही हाताने तेच केलं. ढकलणाऱ्यांना मी काय बोलणार? ढकला म्हणून मीच ठेवून गेलो होतो.

घरी येऊन तिला पाळण्यात ठेवलं आणि निपाणीला अक्काला फोन लावला. अक्का माझी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी.

"अक्का, आई कडी घालून जायची, तवा मी एकटा काय करायचो गं?"

"एकटा? तू एकटा कवा हुतास रं? मी न्हवतो व्हय तिथं? का मला माणसात धरायचं न्हाई?"

"तसं न्हवं गं."

"मग कसं? पत्रा तापला की वलं फडकं तुझ्या अंगावर टाकत हुतो. रडलास की पाठीवर घिऊन खोलीभर फिरत हुतो. त्यापायी दुसरीतनं शाळा सुटली माझी. आन् ह्यो शिकल्याला गडी म्हंतोय, एकटा!" मग म्हणाली, "काय झालंय? पोरगी बरी हाय न्हवं?"

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बायकोला सांग. आजच सांग."

मी कित्येकांना ती कडीची गोष्ट सांगितली आहे. इंटरव्ह्यूतसुद्धा. तिच्यात अक्काला कधी घेतलंच नव्हतं.

बायको चारला आली. मी काही न लपवता सांगितलं. तिने आधी पोरीला उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "किती वेळ?"

"सात-आठ मिनिटं."

"तू दोन म्हणायचास."

"हो. आणि कडीचं ते मी चुकीचं सांगत होतो. अक्का होती तिथे."

"मला वाटलंच होतं. सात वर्षांची मुलगी घरात असताना एकटा कसला?" तिने पाण्याचा ग्लास रिकामा केला. "मी रुजू व्हायचं पुढे ढकलते. महिनाभर बघू."

"ढकलू नकोस. अजून एक शनिवार आहे ना? दे मला."

"आणि परत काही झालं तर?"

"तर मीच नोकरीतून महिनाभर रजा काढीन. पण तू जा."

दुसऱ्या शनिवारी मी मुलीला मुद्दाम सगळीकडे नेलं. भाजीला, टायरात हवा भरायला, इस्त्रीचे कपडे आणायला. दर वेळी ती झोपलेली आणि दर वेळी मी तिला पट्ट्यातून काढून खांद्यावर घेतलं. दर वेळी ती जागी झाली आणि बोंबलली. इस्त्रीवाली म्हणाली, "गाडीत झोपू द्यायचं की हो, कशाला छळताय लेकराला?" मी म्हटलं, "सरी, बरोबर आहे तुमचं, पण असू दे." कोथिंबीर आणायची राहिली. टायरात हवा तीनच चाकांना भरली, चौथ्याच्या वेळी ती माझ्या शर्टावर दूध ओकली.

बायको सोमवारी ठरल्या तारखेला कामावर रुजू झाली. याला दोन वर्षं झाली. शनिवारी मुलगी माझ्याकडे असते, आणि तिला मी गाडीत एकटीला एकदाही ठेवलेलं नाही.